चौकातली देवी : भिवंडी ते गंजाड

वारल्यांच्या घरी लग्न निघाले की आतल्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने एक चौकोन काढला जातो. त्याला चौक म्हणतात. देवचौक आणि लग्नचौक असे त्याचे दोन प्रकार सांगितले जातात. देवचौकाच्या मध्यभागी पालघाट ही देवी असते, आणि ती भिंतीवर येऊन बसल्याशिवाय लग्न लागत नाही. ‘वारली चित्र’ म्हटल्यावर शहरातल्या माणसाला आठवतो तो तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वेटोळे घेत नाचणारी माणसे. या परंपरेत ते कडेचे चित्र आहे. तिचा गाभा चौक, आणि तो साड्यांवर, कपबशांवर किंवा रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर सहसा दिसत नाही.

वारल्यांची वस्ती महाराष्ट्रात पालघर, ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांत, गुजरातेत वलसाडच्या बाजूला आणि दादरा-नगर हवेलीत पसरलेली आहे. दावर, मुरडे, निहिरे असे त्यांचे पोटभेद आहेत. बोली मराठीच्या जवळची, उत्तरेकडे गुजरातीची छटा घेणारी. मुंबईकडून या मुलखात शिरणारे बहुतेक लोक अहमदाबाद महामार्गाने किंवा डहाणूच्या गाडीने जातात आणि थेट चित्रकारांच्या गावी उतरतात. त्याऐवजी भिवंडीहून अंबाडी, कुडूस, वाडा, विक्रमगड, जव्हार आणि तिथून कासा, चारोटी, गंजाड हा आतला रस्ता मी धरला. त्याने वेळ जास्त लागतो, पण आधी भिंत, मग लग्न, मग देव आणि शेवटी कागद अशा क्रमाने ही कला समजत जाते. पुढची मांडणीही त्याच क्रमाने आहे.

भिवंडी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे, अलीकडे गोदामांसाठीही. शहराच्या नावाशी आदिवासी हा शब्द कोणी जोडत नाही. पण नदी नाक्यावर कामवारी मागे पडली आणि वाड्याचा रस्ता लागला की गोदामांचे पत्रे विरळ होत जातात, वीटभट्ट्या सुरू होतात, आणि मुख्य गावापासून दूर, उतारावर किंवा रानाच्या कडेला पाडे दिसू लागतात. तालुक्यात वारली आहेत, कातकरी आहेत, मल्हार कोळी आहेत, ठाकूर आहेत. या सर्वांना एकाच मापाने मोजण्याची सवय शहरी माणसाला असते. देव, लग्नाच्या रीती आणि बोली यांत त्यांच्यात बराच फरक आहे. पाड्यांच्या जवळून मुंबईला तानसाचे पाणी नेणारे मोठे नळ जातात. १८९२ पासून हे पाणी मुंबई पिते. पाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यांची रांग लागते, हेही याच रस्त्यावर दिसते. पुढे तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही गरम पाण्याच्या कुंडांची गावे येतात. वसईच्या विजयानंतर, म्हणजे १७३९ नंतर, चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीचे मंदिर उभारले, म्हणून पेशवाईच्या इतिहासात या गावाला जागा मिळाली. मंदिराच्या आसपासच्या पाड्यांचा इतिहास मात्र भिंतीवर लिहिला गेला आणि दर पावसाळ्यानंतर पुसला गेला.

भिंत हाच या कलेचा पहिला विषय आहे. जुने वारली घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून त्यांवर माती आणि शेणाचा लेप दिला जातो. कारवी पश्चिम घाटाच्या उतारावर भरपूर वाढते, हलकी असते, आणि तिच्या फटींतून वारा खेळतो. लेप सुकला की गेरूने किंवा लाल मातीने भिंत रंगवतात. हीच चित्राची पार्श्वभूमी. घरात खिडकी क्वचितच असते. दारातून येणाऱ्या तिरप्या उजेडात आणि चुलीच्या प्रकाशात पांढरी रेघ ठळक दिसते, म्हणून हे चित्र अंधारात पाहण्यासाठीच घडले आहे असे म्हणायला हरकत नाही. दिव्यांच्या झोतात, काचेमागे टांगलेल्या वारली चित्राची अर्धी शोभा तिथेच जाते.

रंग एकच, पांढरा. तांदूळ भिजवून वाटायचा, पाण्यात कालवायचा आणि बांबूच्या काडीचे टोक चावून वा ठेचून केलेल्या कुंचल्याने लावायचा. कॅनव्हास आणि बाजार आल्यावर डिंक, पोस्टर रंग, अॅक्रिलिक आले. भिंतीवरच्या चौकाला पीठ आणि पाणी पुरते. ते टिकत नाही, आणि टिकावे अशी अपेक्षाही नसते. लग्न होते, पाऊस येतो, भिंत पुन्हा सारवली जाते. पुढचे लग्न येईल तेव्हा नवा चौक निघतो.

तांदळाचा संबंध केवळ रंगापुरता नाही. अंबाडी-कुडूस ओलांडून वाडा तालुक्यात शिरले की भातशेतीचा पट्टा सुरू होतो. वाडा कोलम नावाचा बारीक, सुवासिक तांदूळ इथला. त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वारल्यांच्या देवलोकात कणसरी ही धान्याची देवी आहे आणि धनतरी ही भूमी. भात घरात आले की मूठ पिठात बुडवून तिचे ठसे कणगीवर आणि भिंतीवर उमटवण्याची रीत आहे. धान्याला नजर लागू नये, साठा सरू नये हा त्यामागचा हेतू. या मुठींच्या ठशांना कोणी चित्रकला म्हणत नाही, त्यांची प्रदर्शने भरत नाहीत. पण चौकाचे नाते त्यांच्याशीच आहे. दोन्हीकडे पिकवलेले धान्य दळून त्यानेच समृद्धीला घरात बोलावले जाते.

चौक काढण्याचा अधिकार सवाशिणींचा आहे. नवरा जिवंत असलेल्या या स्त्रिया लग्नाआधी नवऱ्यामुलाच्या घरी जमतात, तांदूळ वाटतात, गाणी म्हणतात आणि भिंतीपुढे बसतात. त्यांच्यात धवलेरी असते. ती लग्न लावणारी पुरोहित आहे. वारल्यांच्या लग्नात ब्राह्मण भटजी नसतो; धवलेरी गाण्यांतून देवांना आमंत्रण देते, एकेकाला नाव घेऊन बोलावते. लग्नातल्या गाण्यांना धवळे म्हणण्याची चाल मराठीत महदंबेच्या काळापासून, म्हणजे तेराव्या शतकापासून, ठाऊक आहे. लिखित मराठीत ती महानुभावांच्या ग्रंथांत उरली. वारली मांडवात ती अजून गायली जाते. पौरोहित्य करणारी स्त्री आणि देवी घडवणारी स्त्री अशा दोन्ही जागा एकाच समाजात आढळाव्यात, ही भारतातल्या विवाहविधींच्या संदर्भात लहान गोष्ट नाही.

आधी चौकोनाची चौकट निघते. तिच्या चार बाजूंना एकाआत एक पट्ट्या असतात: साखळीची नक्षी, तिरप्या रेघा, त्रिकोणांच्या ओळी. या पट्ट्या घाईने काढता येत नाहीत, आणि चौकाचा निम्मा वेळ तिथेच जातो. मग आतला मोकळा चौकोन आणि त्यात पालघाट. तिचे रूप माणसाचे असले तरी नाक-डोळे बहुधा नसतात. दोन त्रिकोणांचे शरीर, पसरलेले हात आणि अंगभर रेघांची वीण. ही वनस्पतींची, सुपीकतेची, वंशवाढीची देवी. तिच्याभोवती सूर्य आणि चंद्र असतात, फणी आणि शिडी असते, बाशिंग असते, झाडे असतात. फणी-शिडीसारख्या साध्या घरगुती वस्तू देवीच्या शेजारी कशा आल्या, याची निरनिराळी स्पष्टीकरणे दिली जातात. मला त्यांतले सर्वांत पटणारे असे की नव्या संसाराला जे लागते ते सारे देवीच्या नजरेसमोर ठेवायचे असते.

पालघाटच्या चौकाजवळ एक लहान चौक असतो. त्यात पंचशिऱ्या देव. कधी तो घोड्यावर असतो, कधी उभा. धडावर डोके नसते आणि मानेतून धान्याचे पाच कोंब वर आलेले असतात. तो राखणदार मानला जातो. डोके गेलेला वीर आणि त्याच्या मानेतून उगवणारे पीक ही कल्पना शेतीच्या आदिम श्रद्धांशी जोडणारे अभ्यासक आहेत. कापलेल्या भाताच्या खुंटातून नवे फुटवे येताना ज्याने पाहिले आहेत, त्याला ती समजायला पुस्तक लागत नाही.

चित्र पुरे झाले म्हणजे विधी पुरा झाला असे नाही. भगताच्या अंगात देव येतात, तो देवांशी बोलतो, देवी चौकात आली की नाही हे त्याच्या तोंडून कळते. तोवर भिंतीवर असते ते पीठ. देवी आली की त्याच रेघांना नमस्कार केला जातो. यशोधरा दालमिया यांनी वारली चित्रांवर लिहिलेला आणि १९८८ मध्ये ललित कला अकादमीने प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ विधी आणि चित्र यांचे हे नाते तपशिलाने मांडतो. त्याआधी १९४५ मध्ये के. जे. सावे यांचे वारल्यांवरचे इंग्रजी पुस्तक निघाले होते. या समाजाची सविस्तर नोंद करणारे ते पहिल्या काही पुस्तकांपैकी एक. मराठीत मात्र चौकाच्या विधीवर त्या तोडीचे स्वतंत्र पुस्तक सहज हाती लागत नाही, ही मराठी प्रकाशनाची उणीवच म्हटली पाहिजे.

या देवीच्या लग्नमांडवाला दुसरी, अंधारी बाजू आहे आणि तिच्याशिवाय चौकाचे वर्णन अपुरे राहते. लग्नाला पैसा लागतो: मुलीच्या बापाला द्यायचे देज, मांडव, जेवण, दारू. तो नसेल तर जोडपे विधीशिवाय एकत्र राहते आणि जमेल तेव्हा लग्न लावते. त्यामुळे वारल्यांमध्ये मुले झाल्यावर आईबापांचे लग्न लागणे, कधी मुलाच्याच मांडवात बापाचेही लागणे, यात वावगे मानले जात नाही. ब्रिटिश काळात लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून कर्ज काढले जाई आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचे असे ठरे. फिटत ते कधीच नसे. अशा वेठबिगारांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात लग्नगड्यांची हकिकत आली आहे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला.

या गुलामीविरुद्धच्या लढ्याची एक खूण भिवंडीच्या अगदी शेजारी आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि तिथे डहाणू-उंबरगावकडचे काही वारली आले होते. तिथे ऐकलेले घेऊन ते परतले. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि वेठ व लग्नगडी पद्धत मोडण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याजवळ जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर चौघे मारले गेले. लग्नगडी पद्धत त्या लढ्याने संपवली.

ऋण मात्र संपले नाही, त्याचे रूप पालटले. दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याण भागातल्या वीटभट्ट्यांवर कातकरी आणि वारली कुटुंबे कामाला जातात ती बहुधा आधी उचललेल्या बयाण्यावर. बयाणा घेण्याचे कारण आजारपण असते, पावसाळ्यातली उपासमार असते, आणि पुष्कळदा लग्न असते. वेठबिगारी बंद करणारा केंद्रीय कायदा १९७६ चा. तरी १९८० च्या दशकात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेला वसई-भिवंडी पट्ट्यात वेठबिगार सोडवण्यासाठी लढावे लागले. अंबाडीच्या रस्त्याने जाताना दिसणाऱ्या भट्ट्यांचा आणि भिंतीवरच्या पालघाटचा संबंध असा आहे. विटा भाजण्याचा हंगाम आणि लग्नसराई एकाच वेळी येतात, त्यामुळे भट्टीवरच्या कुटुंबाला लग्नासाठी पाड्यावर परतायला मालकाकडून सवड मागावी लागते.

वाड्याहून विक्रमगड आणि तिथून जव्हारला चढणारा रस्ता हिरव्या डोंगरांतून जातो. जव्हार हे मुकणे या कोळी घराण्याचे संस्थान होते, १९४८ मध्ये विलीन झाले. पर्यटक इथे राजवाडा आणि धबधबे पाहतात. वारली देवलोकाच्या दृष्टीने मात्र या डोंगरात घराबाहेर पाहावे लागते. पाड्याच्या वेशीला, झाडाखाली, लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर वाघ कोरलेला असतो. शेंदूर फासलेला हा वाघदेव. दिवाळीच्या आधी वाघबारशीला त्याची पूजा होते आणि गुराख्यांचे, गुरांचे रक्षण त्याच्याकडे सोपवले जाते. शेजारी सूर्य-चंद्रही कोरलेले आढळतात, म्हणजे घरातल्या चौकातली चिन्हे रानातही भेटतात. हिरवा हा घरचा देव मोरपिसांच्या रूपात असतो, पाऊस आणणारा नारनदेव वेगळा. देवळे नाहीत, मूर्ती क्वचित. दगड, फळी, पिसे आणि पीठ एवढ्यावर हा धर्म उभा आहे.

तारपाही याच डोंगरात नीट समजतो. सुकवलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानाचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण यांपासून हे वाद्य होते. भात तयार झाल्यावर, दिवाळीच्या सुमारास, ते वाजवायला घेतात. वाजवणाऱ्याच्या मागे एकमेकांच्या कमरेत हात घालून माणसे फिरतात आणि वाजवणाऱ्याकडे पाठ कोणी करत नाही. चित्रात दिसणारे वेटोळे हे या चालीचे सरळ वर्णन आहे. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडाही होतो. लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे घालून देव-राक्षसांची सोंगे रात्रभर नाचतात. मुखवट्यांची ही कला भिंतीवरच्या चित्रांइतकीच समृद्ध आहे आणि तिच्याइतके कौतुक तिच्या वाट्याला आलेले नाही. मुखवटा गुंडाळून परदेशी पाठवणे अवघड, हे एक साधे कारण असावे.

भिंतीवर देव बसवणारे वारली एकटे नाहीत. नंदुरबारच्या पलीकडे गुजरातेत छोटा उदेपूरकडे राठवा आदिवासी पिठोरा काढतात. तिथे नवस असतो, घरातील मुख्य भिंत घोड्यांनी भरून जाते, रंग अनेक असतात आणि चित्र काढणारे लखारे पुरुष असतात. बडवा विधी चालवतो. ओडिशाच्या दक्षिण भागातील सौरा लोक पितरांसाठी घरात इडितल काढतात, आणि त्यातली त्रिकोणी शरीराची माणसे पाहून अनेकांना वारली चित्रांचा भास होतो. साम्य वरवरचे आहे. सौरांचे चित्र मेलेल्यांसाठी, राठव्यांचे नवसासाठी, वारल्यांचे लग्नासाठी. तिन्हींमध्ये स्त्रियांच्या हातात विधी आणि चित्र दोन्ही आहेत ते वारल्यांकडे.

अशाच वरवरच्या साम्याच्या जोरावर वारली कला अडीच-तीन हजार वर्षे जुनी, कधी त्याहूनही जुनी, असे बेधडक छापले जाते. भीमबेटकाच्या शिळांवरच्या आकृतींशी तुलना करून हा आकडा ठरवला जातो. त्याला आधार नाही. दर वर्षी सारवल्या जाणाऱ्या कुडाच्या भिंतीवर जुने चित्र उरूच शकत नाही, आणि त्रिकोणाचा माणूस जगात कुठेही कोणालाही सुचू शकतो. परंपरा जुनी आहे एवढे म्हणणे पुरेसे आहे. तिचे मोठेपण वयावर अवलंबून नाही.

जव्हारहून कासा आणि चारोटीकडे उतरले की डहाणू तालुका येतो. चारोटीजवळ विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस तिची यात्रा भरते. मूळ स्थान डोंगरावर, आणि तिथे ध्वज लावण्यासाठी रात्री चढून जाण्याचा मान आदिवासी पुजाऱ्याचा. यात्रेत तारपा, बांबूच्या टोपल्या, सुकी मासळी, कपडे, सारे विकायला येते. इथून गंजाड जवळ. वारली चित्र भिंतीवरून उतरून कागदावर गेले ते मुख्यतः या गावात.

ही घटना अलीकडची आहे. मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना पुपुल जयकर यांनी १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारच्या मिथिलेत पाठवले होते. तिथल्या स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढायला त्यांनी प्रवृत्त केले, आणि मधुबनी चित्रांचा आजचा प्रवास तिथून सुरू झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी ते डहाणूच्या पाड्यांवर आले आणि तिथल्या स्त्रियांनाही कागद दिला. गंजाडच्या कळंबीपाड्यावर त्यांना जिव्या सोमा मशे भेटले.

मशे यांचा जन्म १९३४ चा. सातव्या वर्षी आई गेली आणि मुलाने बोलणे टाकले. तो धुळीत रेघा ओढून सांगायचे ते सांगत असे. लग्नकार्यापुरतेच चित्र काढणाऱ्या समाजात हा माणूस विनाकारण, रोज, स्वतःच्या आनंदासाठी चित्रे काढत होता. कुलकर्णींनी दिलेल्या कागदावर त्यांचा हात मोकळा सुटला. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात जगभरच्या समकालीन कलावंतांबरोबर त्यांची चित्रे लागली, २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर. २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांचे मासेमारीचे जाळे पाहावे: कागदभर पसरलेली बारीक, वळती वीण आणि तिच्याकाठी इवलीशी माणसे. चौकाच्या पट्ट्यांत हात बसल्याशिवाय अशी रेघ येत नाही, पण चौकात या जाळ्याला जागाही नव्हती. कागदाने विषय मोकळे केले: शेती, मासेमारी, गोष्टी, मुंग्या, पुढे आगगाडीसुद्धा.

त्याच कागदाने एक गोष्ट हिरावूनही घेतली. भिंतीवर स्त्रिया चित्र काढत होत्या. कागदावर नाव झाले ते बहुतांशी पुरुषांचे. प्रदर्शनासाठी शहरात जाणे, हॉटेलांत राहणे, परदेशी प्रवास करणे, गिऱ्हाइकाशी भाव ठरवणे पुरुषांना शक्य होते. जपानमध्ये निईगाता प्रांतात तोकामाची येथे मिथिला संग्रहालय आहे, तिथे वारली चित्रकारांनी राहून मोठी चित्रे काढली. मधुबनीच्या यादीत स्त्रियांची नावे भरपूर दिसतात, वारलीच्या यादीत शोधावी लागतात. विधी करणारी धवलेरी आणि सही करणारा चित्रकार यांच्यात पडलेले हे अंतर या कलेच्या कीर्तीची किंमत आहे, आणि ती कमी लेखू नये.

बाजाराने देवीला बाहेरच ठेवले. ते एका अर्थी बरेच झाले. चौक विकायचा नसतो ही भावना अनेक घरांत आजही आहे, आणि जे चौक कागदावर विकले जातात त्यांत भगताने बोलावलेली देवी नसते. उरलेली आकृती मात्र कोणाचीच नसल्यासारखी सर्वांनी उचलली. कापडगिरण्या, जाहिराती, हॉटेले, सरकारी इमारती, शाळांची कुंपणे सगळीकडे तारप्याचा नाच आहे. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने अर्ज करून वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळवले. त्यामुळे नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण छापील साडीवरच्या त्रिकोणी माणसाचा मोबदला पाड्यावर पोहोचवण्याची यंत्रणा त्या कागदात नाही. भिवंडीच्या मागांवर विणलेल्या कोऱ्या कापडावर पुढे कुठे तरी वारली नक्षी छापली जातही असेल. त्याच तालुक्यातल्या वारली घराला तिच्यातून काही मिळत नाही.

नवी पिढी केवळ नक्कल करत बसलेली नाही. गंजाडचे राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर केलेल्या कामात डहाणू परिसराच्या छायाचित्रांवर शाईने वारली आकृती येतात आणि त्या भूमीवर काय घडले ते सांगतात. जमिनीचा प्रश्न तिथे नवा नाही. मुंबई-वडोदरा महामार्ग, बुलेट ट्रेन, वाढवणचे बंदर अशी मोठी कामे याच पट्ट्यात आहेत, आणि चित्रांत आता बुलडोझरही दिसतात.

घरेही बदलली. घरकुल योजनेतून विटा-सिमेंटची घरे आली, कारवी तोडायला बंदी आणि रान दूर, त्यामुळे कूड घालणारे कमी झाले. सिमेंटच्या भिंतीला शेण-माती नीट धरत नाही. तरीही लग्नाच्या वेळी भिंतीचा तेवढा भाग गेरूने रंगवून त्यावर चौक काढलेला मला भिवंडी आणि विक्रमगड तालुक्यांत पाहायला मिळाला. बाजूला टीव्ही, वर ट्यूबलाइट, आणि पिठाऐवजी कधी पांढरा तयार रंग. धवलेरी म्हाताऱ्या होत चालल्या आहेत, सगळी गाणी येणाऱ्या थोड्या उरल्या आहेत. चित्र शिकवणारे वर्ग मुंबई-पुण्यात निघाले, गाणी शिकवणारा वर्ग कुठे नाही. खरे तर चौकातला अवघड भाग तोच आहे.

चौक पाहायचा तर चैत्र-वैशाखात जावे, पावसाआधी. घरच्यांना विचारल्याशिवाय आत शिरू नये, विधी चालू असताना छायाचित्र घेऊ नये, आणि आपल्यासाठी एक चौक काढून दाखवा असे तर म्हणूच नये. चित्र घ्यायचे असेल तर ते पाड्यावर, चित्रकाराच्या घरी, त्याने किंवा तिने सही केलेले घ्यावे. आणि घरात कोणी स्त्री चित्र काढते का, हेही जरूर विचारावे.